दुभंगलेली बरगडी : नाशिकच्या एका इमेजिंग केंद्रातलं प्रकरण

प्रकरण पित्ताशयातल्या खड्यांचं होतं, फुप्फुसाशी त्याचा काही संबंध नव्हता. सिन्नर तालुक्यातल्या एक बाई, पन्नाशी ओलांडलेल्या, घरी विड्या वळणाऱ्या. पोटात कळा यायच्या, सोनोग्राफीत खडे दिसले. नाशिकच्या सर्जननी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरवली आणि भूल देण्याआधीच्या नेहमीच्या तपासण्यांमध्ये छातीचा एक्स-रे लिहून दिला. तो मुंबई नाक्याजवळच्या ज्या केंद्रात निघाला, तिथे मी रेडिओलॉजिस्ट म्हणून रिपोर्टिंग करते, म्हणजे चित्रं वाचून निदान लिहिते. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही आणि रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक गोल सावली होती, साधारण १४ मिलिमीटरची. कडा बऱ्यापैकी रेखीव, आणि मध्यभागी जरा जास्त पांढरट काहीतरी असल्याचा भास. पन्नाशीचं वय, वर्षानुवर्षं तंबाखूच्या धुळीत बसून काम, दात घासायला मिश्री. एवढं एकत्र आलं की कुठल्याही फिजिशियनच्या मनात आधी कॅन्सर येतो आणि मग टीबी. या बाईंच्या फिजिशियननी कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं, शिरेतून द्यायचं औषध) देऊन छातीचा सीटी स्कॅन लिहिला, सर्जननी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. अंबडच्या एमआयडीसीत कामाला असलेला मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, आईला काही सांगू नका." आईला अर्थातच सगळं समजलं होतं. त्या बाकावरूनच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, गाठ असंल तर असंल, पण पोटाचं आधी उरकून टाका. घास जाईना."

पोटाचं आधी उरकता येईल का, हे एकाच गोष्टीवर ठरणार होतं. ही सावली नवी आहे की जुनी? फुप्फुसातली भरीव गाठ दोन वर्षांहून जास्त काळ आहे तेवढीच राहिली असेल, तर ती निरुपद्रवी मानण्याचा प्रघात जुना आहे आणि त्याला आधारही भक्कम आहे. आपल्याकडे तर कधीकाळी होऊन गेलेल्या, रुग्णाला पत्ताही न लागलेल्या टीबीचे असे व्रण वरच्या फुप्फुसात पुष्कळदा सापडतात. पण 'जुना व्रण असावा' असं रिपोर्टात लिहायचं तर जुनं चित्र समोर हवं.

ते होतं. बाईंनीच सांगितलं की मागे खोकला धरला होता तेव्हा सिन्नरला छातीचा फोटो काढला होता. सिन्नरला आमच्याच केंद्राची छोटी शाखा आहे. माझा जीव भांड्यात पडला, पण तो क्षणभरच, कारण त्यांच्या नावानं शोधल्यावर संगणकानं एकही जुनी नोंद दाखवली नाही.

फिल्मचं काय झालं

आपल्याकडे एक्स-रेची फिल्म रुग्णाच्या घरी जाते. केंद्राकडे तिची दुसरी प्रत नसायची. केंद्राच्या लेखी रिपोर्टाचा कागद दिला की काम संपलं. त्यामुळे जुन्या चित्राशी तुलना करणं हे रेडिओलॉजिस्टच्या हातात नव्हतंच, ते रुग्णाच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीवर अवलंबून असायचं. पेटीत फिल्म नीट राहिली तर ठीक. पावसाळ्यात ओल धरून दोन फिल्म एकमेकींना चिकटल्या तर त्या सोडवताना वरचा थरच निघून यायचा. आणि नीट राहिलेली फिल्मही तपासणीला येताना रुग्ण आणेलच असं नाही, कारण 'आता नवा काढणारच आहोत, जुना कशाला?'

या बाईंच्या फिल्मचा शोध मुलानं तिथल्या तिथे फोन लावून घेतला. "मामा, आईचा छातीचा फोटो तुमच्याकडं आहे का?" मामांनी सांगितलं ते स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. दिवाळीत सूर्यग्रहण लागलं होतं, तेव्हा पोरांनी तो फोटो कापून त्याचे तुकडे डोळ्यांना लावले होते. (असलं काही करू नये. कुठलीच एक्स-रे फिल्म सूर्याकडे पाहायला सुरक्षित नसते, ती कितीही काळी दिसली तरी.)

फिल्म गेली, पण मामांनी नकळत तारीख दिली. दिवाळीतलं ते खंडग्रास सूर्यग्रहण २५ ऑक्टोबर २०२२ ला झालं, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. बाई म्हणत होत्या, गौरी-गणपती उरकून माहेरी गेले होते तव्हा फोटो काढला. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ९ सप्टेंबरला होती. म्हणजे एक्स-रे १० सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२२ यांच्या दरम्यानचा. आणि आता चालू होता २०२५ चा एप्रिल.

सापडला कसा

ज्या संगणकावर आम्ही शोधत होतो त्या यंत्रणेला पॅक्स म्हणतात, ती काय ते थोडक्यात सांगायला हवं. एक्स-रे, सीटी, एमआरआय, सोनोग्राफी अशा सगळ्या यंत्रांतली चित्रं साठवणारी, शोधून देणारी आणि हव्या त्या पडद्यावर उघडून देणारी ही यंत्रणा. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू शकतात ते डायकॉम या मानकामुळे. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि यंत्र बनवणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून त्याचं पहिलं रूप १९८५ मध्ये काढलं, डायकॉम हे नाव १९९३ मध्ये आलं. डायकॉमची खुबी अशी की चित्र एकटं नसतं. त्याच्या पोटातच रुग्णाचं नाव, क्रमांक, लिंग, तपासणीची तारीख, यंत्राचा प्रकार, शरीराचा भाग आणि कितीतरी तांत्रिक नोंदी भरलेल्या असतात. फिल्मच्या कोपऱ्यात शिशाच्या अक्षरांनी उमटवलेला नंबर पुसट झाला की ती फिल्म बेवारस व्हायची. डायकॉमच्या चित्राला नाव चुकीचं असलं तरी बाकीच्या खुणा उरतात.

त्याच खुणांवर आमच्या टेक्निशियननं चाळणी लावली. शाखा सिन्नर, छाती, स्त्री, तारीख १० सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२२. पडद्यावर छोट्या चित्रांची रांग उभी राहिली. इतर रुग्णांची चित्रं अशी उघडणं ही सहज करायची गोष्ट नव्हे. कोणी, कधी, काय उघडलं याची नोंद यंत्रणा ठेवते, आणि कारण आम्ही तिथेच लिहून ठेवलं.

आता रांगेतून यांचा एक्स-रे ओळखायचा कसा? आज काढलेल्या चित्रात एक खूण होती. उजवी चौथी बरगडी पुढच्या टोकाला दुभंगलेली, इंग्रजी वाय अक्षरासारखी. ही जन्मजात ठेवण असते, तिचा त्रास सहसा काही नसतो आणि ती असल्याचं बहुतेकदा त्या माणसालाही ठाऊक नसतं. रिपोर्टात आम्ही ती एका ओळीत लिहून पुढे जातो. त्या दिवशी मात्र पहिल्यांदा नजर गेली ती तिच्यावर. रांगेतल्या एका चित्रात तीच बरगडी, त्याच बाजूची, त्याच जागी दुभंगलेली. दोन्ही चित्रं शेजारी लावली. कॉलरबोनचा बाक, मणक्याचा किंचित डावीकडे झुकाव, डाव्या बाजूच्या खालच्या बरगडीवर हाड जुळून आल्याचा जुना गाठाळ उंचवटा, सगळं जुळत होतं.

पण बरगडी म्हणजे आधार कार्ड नव्हे. जुन्या नोंदीवरचं नाव वाचल्यावर कळलं की शोध का फसला. तेव्हा बाई माहेरी होत्या, भाऊ त्यांना मोटरसायकलवरून घेऊन आला होता आणि काउंटरवर त्यानं बहिणीचं नाव सांगितलं ते घरात हाक मारायचं, वडिलांच्या नावासह, माहेरच्या आडनावानं. मोबाइल नंबर स्वतःचा दिला. वय विचारल्यावर 'लिहा पंचेचाळीस.' आता मुलानं नोंदवलं ते सासरचं नाव, आधारवरचं वय आणि स्वतःचा नंबर. नाव, आडनाव, वय, फोन यांतलं काहीच जुळत नव्हतं. संगणकाच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या बायका होत्या आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

मामांना पुन्हा फोन लावला. तेव्हा वापरत असलेला, आता बंद झालेला नंबर त्यांनी सांगितला, तो जुन्या नोंदीशी जुळला. तपासणी लिहून देणाऱ्या गावच्या डॉक्टरांचं नावही जुळलं. मग दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या असल्याचं आम्ही लेखी नोंदवलं.

दोन चित्रं शेजारी

जुन्या एक्स-रेत सावली होती. तिथेच, तशीच. इथे घाईनं निकाल देऊन टाकायचा मोह होतो आणि नेमकं इथेच डिजिटल चित्राचं तंत्र कळलेलं असावं लागतं.

२०२२ मध्ये सिन्नरला सीआर पद्धत होती. त्यात फिल्मऐवजी फॉस्फरची प्लेट असते. क्ष-किरणांची ऊर्जा ती धरून ठेवते, मग लेझरचा झोत तिच्यावरून फिरवला की ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते आणि त्या प्रकाशाचं चित्र होतं. आता मुंबई नाक्याला डीआर आहे, म्हणजे सपाट डिटेक्टर. क्ष-किरण पडताच काही सेकंदांत चित्र पडद्यावर, प्लेट काढून मशीनमध्ये घालण्याची भानगड नाही. दोन्ही डिजिटलच, पण दोन्हींचं चित्र पडद्यावर येण्याआधी आपापल्या पद्धतीनं घासूनपुसून येतं. कडा उठावदार करण्याचं प्रमाण वेगळं असतं. त्यामुळे तीच गाठ एका चित्रात रेखीव आणि दुसऱ्यात धूसर दिसू शकते, आणि मधला पांढरा ठिपका खरंच कॅल्शियम आहे की कडा उठवण्याच्या गणिताचा परिणाम, ही शंका रास्त ठरते.

दुसरी अडचण मापाची. एक्स-रेच्या पडद्यावर मिलिमीटर दिसतात ते डिटेक्टरच्या पातळीवरचे. छातीच्या आतली वस्तू डिटेक्टरपासून काही अंतरावर असल्यानं तिची सावली थोडी मोठी पडते. दोन्ही वेळा छातीचा एक्स-रे पाठीकडून, १८० सेंटिमीटर अंतरावरून काढला होता हे बरं, तरीही नुसत्या आकड्यावर विसंबायचं नाही म्हणून शेजारच्या मणक्याच्या रुंदीशी गाठीचं प्रमाण दोन्हीकडे मोजलं. प्रमाण तेच आलं. थेट माप आजचं १४ मिलिमीटर आणि तेव्हाचं १३.५. हा फरक कर्सर धरणाऱ्या हाताचा.

आता 'तेवढीच आहे' या म्हणण्याचं वजन किती? गाठीची वाढ घनफळावर मोजतात. घनफळ दुप्पट झालं तरी व्यास फक्त सव्वापटीच्या आसपास वाढतो, म्हणून नजरेला वाढ कमी वाटते. फुप्फुसातल्या भरीव कर्करोगी गाठींचं घनफळ साधारणपणे महिनाभर ते ४०० दिवस एवढ्या काळात दुप्पट होतं. सगळ्यात संथ म्हणून ४०० दिवस धरू. मधला काळ सुमारे ९०० दिवसांचा. एवढ्यात सव्वादोन वेळा दुप्पट, म्हणजे घनफळ जवळपास पावणेपाच पट आणि व्यास १.७ पटीच्या आसपास. आज १४ मिलिमीटर असलेली गाठ तेव्हा ८ मिलिमीटरच्या आतबाहेर असायला हवी होती. ८ आणि १३.५ यांतला फरक हाताच्या कापरेपणात खपत नाही.

मग मधला ठिपका. दोन्ही चित्रांवर कडा उठवण्याचं प्रमाण जमेल तेवढं उतरवलं आणि उजेड-काळोखाची खिडकी अरुंद केली. आजच्या डिटेक्टरच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला साधारणपणे ४०९६ पर्यंत करड्या छटा असू शकतात. डोळ्याला एका वेळी त्यातल्या काही शेच वेगळ्या कळतात. म्हणून सगळ्या छटा एकदम दाखवण्याऐवजी हवा तेवढाच पट्टा ताणून पाहायचा. फिल्मवर ही सोय नव्हती. फिल्म एकदा धुतली की तिचं काळंपांढरं कायमचं ठरलं. जास्त काळी आली तर प्रखर दिव्यासमोर धरायची, फिकी आली तर पुन्हा काढायची. खिडकी अरुंद केल्यावर ठिपका दोन्ही चित्रांत, दोन्ही पद्धतींत, हाडाइतका पांढरा राहिला. कॅल्शियम.

रिपोर्टात मी लिहिलं की गाठ अडीच वर्षांत बदललेली नाही, मध्यभागी कॅल्शियम आहे, जुन्या संसर्गाचा व्रण असण्याची शक्यता सर्वाधिक, आणि शस्त्रक्रिया थांबवण्याचं छातीतलं कारण दिसत नाही. शंका उरलीच तर शस्त्रक्रियेनंतर कॉन्ट्रास्टशिवाय, कमी डोसचा सीटी पुरे. फिजिशियननी ताप, खोकला, वजन घटणं यांची चौकशी केली, त्यातलं काहीच नव्हतं. त्यांनी सीटी न करता काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचं ठरवलं. पित्ताशय निघालं, आणि नंतरच्या एक्स-रेतही सावली जिथल्या तिथे होती.

वाचलं काय, तर पहिलं म्हणजे सीटीचा खर्च. विड्या वळणाऱ्या घरात तो लहान नसतो. मग किरणांचा डोस. छातीच्या साध्या एक्स-रेला ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट, छातीच्या नेहमीच्या सीटीला ५ ते ७ च्या घरात. पण मला विचाराल तर वाचलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या घरात शिरू पाहणारा कॅन्सरचा धसका. तो एकदा शिरला की सीटी नॉर्मल आला तरी लवकर बाहेर पडत नाही.

यात यंत्राचं श्रेय किती

डिजिटल यंत्रणा विकायला येणारे लोक चित्राच्या सुबकपणावर बोलतात. चित्र सुबक असतं यात वाद नाही. पण या प्रकरणात सिन्नरचं सीआरचं सामान्य चित्र कामाला आलं, कारण ते होतं. रेडिओलॉजिस्टला डिजिटलनं दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट माझ्या मते हीच. पूर्वी आमच्यासमोर यायचा तो रुग्णाचा आजचा दिवस, आता त्याची काही वर्षं येतात.

बाकीचे फायदे खरे आहेत, रोजचे आहेत. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातातला डोक्याचा सीटी रात्री यादीत वर चढवता येतो आणि तो घरबसल्या काही मिनिटांत पाहता येतो. पूर्वी ओली फिल्म हँगरला लटकवून कोणीतरी रिक्षानं डॉक्टरकडे न्यायची. सिन्नर, दिंडोरी, कळवण अशा ठिकाणी पूर्णवेळ रेडिओलॉजिस्ट मिळणं कठीण, तिथली चित्रं नाशिकला बसून वाचता येतात. शंका आली तर मुंबईतल्या एखाद्या छातीच्या तज्ज्ञाला तेच चित्र, त्याच छटांसह दाखवता येतं. सोनोग्राफी मात्र यातून बाहेर. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे ती नोंदणी असलेल्या जागी, पात्र डॉक्टरनं स्वतःच करायची, आणि ते योग्यच आहे.

एक तोटा मला फार टोचतो आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही. फिल्मच्या काळात डोस जास्त झाला की फिल्म काळीठिक्कर यायची, चूक सगळ्यांना दिसायची. डिजिटलमध्ये डोस जास्त झाला तर चित्र उलट गुळगुळीत, छान येतं. कमी पडला तर दाणेदार येतं आणि डॉक्टर ओरडतात. साहजिकच टेक्निशियन हळूहळू डोस वाढवत जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही. यंत्र प्रत्येक चित्राबरोबर एक आकडा देतं, एक्स्पोजर इंडेक्स. तो पाहण्याची सवय नसेल तर रुग्णाला फुकटचे किरण मिळत राहतात. आमच्याकडे आता हा आकडा दर आठवड्याला काढून भिंतीवर लावतात. त्यावरून दोन टेक्निशियनांत जुंपतेही, पण जुंपू दे.

आणि व्हॉट्सअॅप. गावाकडचे डॉक्टर ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून मोबाइलवर फोटो काढतात, 'मॅडम, जरा बघा ना' म्हणून पाठवतात. घाईच्या वेळी मीही पाहते. हाड मोडलंय एवढं त्यावर कळेल. पण ज्या खिडकीनं या प्रकरणात कॅल्शियम दाखवलं, ती त्या फोटोत उघडत नाही. मोबाइलच्या नेहमीच्या फोटोत २५६ छटा, त्याही दाबून बसवलेल्या, वर रुग्णाचं नाव चव्हाट्यावर. फिल्म मागणारे रुग्णही आहेतच. 'लिंक काय करू, फोटो द्या. पैसे कशाचे दिले?' त्यांना आम्ही फिल्म देतो. गावच्या डॉक्टरकडे चांगला पडदा नसेल तर ती हवीच.

एआयबद्दल हल्ली सगळेच विचारतात. पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या छातीच्या एक्स-रेतून टीबी हेरण्यासाठी संगणकीय वाचनाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये केली आहे, आणि जिथे रेडिओलॉजिस्ट नाही तिथे ते उपयोगी पडेल. या बाईंच्या एक्स-रेवर असं वाचन लावलं असतं तर सावलीभोवती चौकट बहुधा आखली गेली असती. त्या चौकटीनं सीटीचीच वाट धरली असती, कारण जुना एक्स-रे दुसऱ्याच नावाखाली झोपला होता.

काउंटरवर काय बदललं

प्रकरणानंतर केंद्रानं बदल केला तो रिपोर्टिंगच्या खोलीत नाही, नोंदणीच्या खिडकीवर. आता तिथे बायकांना विचारतात, 'आधी कधी आला होता का? माहेरच्या नावानं?' पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीला हे विचारायला संकोच वाटत होता, 'मॅडम, चौकश्या करतेय असं वाटतं.' आता सवय झाली आहे. मोबाइल कोणाचा, रुग्णाचा की आणणाऱ्याचा, हेही वेगळं लिहून घेतात. ज्यांच्याकडे आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) आहे त्यांचा तो १४ आकडी क्रमांक जोडतात, पण सिन्नरच्या शाखेत येणाऱ्यांपैकी फार थोडे तो पाठ सांगू शकतात. नोंदणीतून नाव थेट यंत्रावर जातं, टेक्निशियनला ते पुन्हा टंकावं लागत नाही, त्यामुळे निदान टंकनाच्या चुका तरी कमी झाल्या.

दोन नोंदी एकत्र करण्याचा अधिकार मात्र आम्ही काउंटरला दिला नाही. एका बाईच्या दोन नोंदी राहिल्या तर जुना एक्स-रे सापडत नाही, एवढंच. दोन बायकांची एक नोंद झाली तर एकीचा आजार दुसरीच्या नावावर चढतो. गावात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या, एकाच वयाच्या दोन जावा असतात, आणि मोबाइल दोघींचा सासऱ्याचाच. त्यामुळे निदान दोन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय आणि रेडिओलॉजिस्टची सही असल्याशिवाय नोंदी जोडायच्या नाहीत, असं ठरलं.

राहिला साठवणीचा प्रश्न, त्यावर व्यवस्थापनाशी अजून ओढाताण आहे. सर्व्हर भरत आला की जुनं काढून टाकू, हा सरळ विचार. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात, म्हणून तीन वर्षांपलीकडचं सगळं पुसायचा प्रस्ताव होता. या बाईंचा जुना एक्स-रे त्या रेषेच्या जेमतेम अलीकडे होता. मी हिशेब मांडला. छातीचा एक डिजिटल एक्स-रे साधारण १५ एमबीचा, दाबल्यावर त्याहून कमी. सीटीचा एक स्लाइस, म्हणजे शरीराच्या एका कापाचं चित्र, अर्ध्या एमबीचा, पण हजार स्लाइसचा एक सीटी ५०० एमबी, म्हणजे तीसेक एक्स-रेंच्या जागेएवढा. सर्व्हर भरतो तो सीटीच्या पातळ स्लाइसनी. तर एक्स-रे आणि मॅमोग्राफी पुसायच्या नाहीत, सीटीचे जाड स्लाइस ठेवायचे आणि पातळ स्लाइस ठराविक काळानंतर काढायचे. पहिला भाग मान्य झाला. पातळ स्लाइसवर एमआरआय पाहणारे सहकारी अडून बसले आहेत. त्यांचं म्हणणं, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिनीचा फुगा दोन वर्षांनी पुन्हा मोजायचा झाला तर पातळ स्लाइसशिवाय मोजता येणार नाही. त्यांचंही खरं आहे. तूर्त आणखी एक डिस्क लावली आहे.